ट्रायलोबाइटचे गाल

“आणि गाल? गाल कुठे सापडले?” माईंनी विचारलं.

“त्याच थरात,” दिगंबर म्हणाला.

“त्याच दगडात?”

“त्याच... थरात, म्हटलं ना.”

माईंनी मान हलवली आणि तळहातावरचा दगड उन्हाकडे फिरवला. त्यात अंगठ्याएवढा ट्रायलोबाइट होता. माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा समुद्राच्या तळाशी फिरणारा जीव, पाठीवर तीन पट्ट्यांचं कवच, लांबच्या नात्याने खेकड्याचा कोणीतरी. आता हिमालयातल्या एका उघड्याबोडक्या दरीत दगड होऊन बसलेला. याचं डोकं शाबूत, शेपूट शाबूत, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गालसुद्धा शाबूत.

असा सबंध ट्रायलोबाइट मिळणं सोपं नसतं. गाल बहुधा नसतातच.

रेणुकामाई पूर्वी कोल्हापूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर ही दरी बघायला म्हणून आल्या आणि परत उतरल्याच नाहीत. दर उन्हाळ्यात आपल्याकडची दगडवेडी मंडळी इथे येतात, दिवसभर उतारावर ठोकाठोकी करतात आणि सापडलेलं घेऊन माईंच्या झोपडीशी बसतात. माईंनी हातात धरून ‘आहे’ म्हटलं की ते अस्सल. तुटकंमुटकं असलं तरी चालतं. पण कोणी खोटं आणलं, तर त्याने आपला हातोडा दाराशी ठेवून जायचं आणि पुन्हा दगडाच्या वाटेला जायचं नाही, असा माईंचा नियम.

दाराशी गंजलेल्या हातोड्यांचा ढीग होता. येताना दिगंबरने तिकडे बघायचं टाळलं होतं.

माईंनी पुढ्यातला चहाचा वाडगा जवळ ओढला. चांगला वाफाळत होता. त्यांनी दगड अलगद चहात सोडला.

“माई! अहो...”

“बस रे. चहा निवेपर्यंत सांग, हे जीव कवच कसं टाकतात?”

दिगंबरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या वर्षांनी बाराखडी विचारतात? सांगलीतल्या आपल्या गॅरेजात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा त्याने हे ऐकवलं होतं, मोटार दुरुस्त होईपर्यंत.

“अंग वाढलं की जुनं कवच आवळायला लागतं,” तो फणकाऱ्याने म्हणाला. “मग डोक्याच्या शिवणी उकलतात. गाल सुटून पडतात. तेवढ्या फटीतून तो पुढे सरकत बाहेर येतो आणि मऊ अंगाने निघून जातो. मागे उरतं ते रिकामं कवच. आपल्याला मिळतात ती बहुतेक तसलीच.”

“आणि गालांसकट मिळतो तो?”

“तो आतच मेलेला, बहुतेक वेळा.”

“हं...”

वारा पडला होता. चहावर साय धरू लागली.

टक्.

वाडग्याच्या तळाशी काहीतरी पडलं. दिगंबरने मान खाली घातली.

टक्.

दुसरा गाल.

डिंक आणि दगडाची पूड. तीन रात्री भिंग लावून गाल बसवले होते त्याने, केसाएवढीही फट दिसू नये म्हणून. गरम चहाने सगळं सोडवलं. शरमेने त्याचे कान तापले. आता माफी मागायची, हातोडा ढिगावर टाकायचा आणि गुमान खाली उतरायचं, एवढंच उरलं होतं.

तो ताडकन उठला.

“हो, चिकटवले! मग?”

माईंनी वाडगा जरा बाजूला सरकवला.

“तारुण्य गेलं माझं या उतारावर. गुडघे गेले. मंडळी मला तुकडेवाला म्हणतात, तेही तोंडावर. मला एक सबंध हवा होता, माई. एक! गाल दुसऱ्याचे असतील, पण ट्रायलोबाइटचेच आहेत, याच डोंगरातले आहेत. मी काय सिमेंटचे केले?”

माईंची नजर त्याच्या कमरेच्या हातोड्यावर गेली.

“आणि हातोडा मी ठेवणार नाही. आधीच सांगून ठेवतो. नियम तुमचा असेल, हातोडा माझा आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणा. मंडळींनी ‘याला हाकलून द्या’ म्हणावं. उद्या उजाडलं की मी त्याच उतारावर असेन. एकटा असेन. तुकडे तर तुकडे!”

माईंपुढे आजवर आवाज चढवला नव्हता कोणी. तो घाबरला होता, अगदी मनापासून घाबरला होता. तरी कमरेच्या हातोड्यावरची मूठ त्याने सोडली नाही.

माईंनी त्या मुठीकडे पाहिलं. मग दाराशी पडलेल्या ढिगाकडे. तिथले सगळे हातोडे मालकांनी मुकाट्याने ठेवले होते.

त्यांनी चहात बोटं घातली, दगड बाहेर काढला आणि शालीच्या टोकाने पुसला. आता ट्रायलोबाइटच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. तो त्यांनी दिगंबरच्या तळहातावर ठेवला.

“आहे,” माई म्हणाल्या.

दिगंबरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“आहे? आणि... ते गाल?”

माईंनी वाडगा तोंडाला लावला. सावकाश दोन घोट घेतले. हातोड्याचं नावही काढलं नाही.

“तो गाल सोडून केव्हाच निसटला होता रे. दार तू लावलंस.”