पहिला धावणारा

"मग आणू ना त्याला, मास्तर?"

मधू कराळेने हे विचारलं तेव्हा शलमोन मास्तर मैदानाच्या कडेला उभे होते की बसलेले, हे मला आता नक्की सांगता येत नाही. बोलणं मात्र आठवतं. निदान आठवतं असं वाटतं. जे आठवतं ते खरोखर बोललं गेलं होतं का, ही शंका वयाबरोबर वाढत चालली आहे.

नगरच्या एका सूतगिरणीचा हॉकी संघ होता. मधू त्याचा कप्तान, आणि मास्तर थकल्यापासून प्रशिक्षकही. त्याला स्टिक धरायला मास्तरांनीच शिकवलं होतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो आणि संघाचा चिटणीस होतो.

दौंडच्या एका संघाकडून निरोप आला होता. आमचा कुलवंत घ्या, तुमचा बबन द्या.

दोघेही फुलबॅक, म्हणजे बचावातले. पण कुलवंत चेंडू घेऊन थेट समोरच्या गोलापर्यंत जायचा. तसा एक, पीटर, आमच्याकडे आधीच होता. बबन थोरात मात्र कधी मधली रेघ ओलांडत नसे.

मधूने पुढे रेटलं.

"कुलवंत आला तर दोन्ही बाजूंनी चढाई, मास्तर. कोण अडवणार आपल्याला?"

"ते का देतायत?"

"अक्कल नाही म्हणून."

मधू घाईने पुढे म्हणाला, "यंदा करंडक आला नाही तर गिरणी संघ बंद करणार. साहेबांनी तोंडावर सांगितलंय. सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. आणि बबनचं तर भलंच आहे यात. तिकडे त्याला कायमची नोकरी देतायत."

बबन थोड्या अंतरावर मातीत बसून मोज्यांत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत होता. नडगीला तेवढंच संरक्षण. मान वर न करता तो म्हणाला, "जातो की मास्तर. दौंडला मटण झकास मिळतं म्हणे. इथे पीटरचं तोंड बघून भूक मेलीय."

पीटर लांबून ओरडला, "तोंड कुठलं रे, तुला माझी पाठच दिसते नेहमी! जा, तिकडे करमायचं नाही तुला."

दोघे हसले. मास्तर हसले नाहीत.

"मधू, पेनल्टी कॉर्नरला आपला पहिला कोण धावतो?"

मधूला प्रश्न पोरकट वाटला.

"बबन."

पेनल्टी कॉर्नर म्हणजे समोरच्यांना मिळालेली मोकळी संधी. बचाव करणारे गोलाच्या रेषेवर उभे राहतात. चेंडू आत खेळला गेला की त्यांच्यातल्या एकाने, फटका मारायला स्टिक उगारलेल्या माणसाच्या थेट अंगावर धावून जायचं. चेंडू स्टिकने अडला तर ठीक. नाही तर अंगाने. त्या काळी तोंडावर मुखवटा नसे.

"बबन गेला की कोण?"

"कुलवंत धावेल."

"दौंडला धावतो?"

"दौंडला... तो खांबापाशी उभा असतो."

"मग तिथे धावतं कोण?"

मधू आठवू लागला. दौंडचे कितीतरी सामने त्याने पाहिले होते.

"असतो कुणीतरी, मास्तर."

मास्तरांनी त्याच्या हातातली स्टिक घेतली. गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या टोकाशी सावकाश चालत गेले. वळले. स्टिक खांद्यामागे उगारली. जवळपास चेंडू नव्हता.

"रेषेवरून ये माझ्याकडे. धावू नकोस. चालत ये."

मधू हसत निघाला. पीटरकडे बघून त्याने डोळाही मिचकावला.

अर्ध्या वाटेवर हसू गेलं. आणखी थोडं चालून तो थांबला.

"का थांबलास?"

"तुमची स्टिक वर आहे."

"चेंडू कुठाय?"

मास्तरांनी स्टिक खाली घेतली नाही.

"बबन, तू इथे आलास की काय बघतोस?"

"काय बघणार, मास्तर? डोळे मिटतो."

पीटरने मान फिरवली.

मधूने उगारलेल्या स्टिकवरून नजर काढली. आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यांची घरं आहेत, मास्तर. पोरंबाळं आहेत."

"आहेत."

"मग मी करू काय?"

मास्तरांनी स्टिक उतरवली आणि त्याच्या हातात दिली.

"दौंडला जा. तिथे पहिला कोण धावतो, त्याचं नाव विचारून ये. मग आण कुणाला आणायचं ते."

मधू दुसऱ्या दिवशी गेला आणि संध्याकाळच्या गाडीने परतला. एकटाच. कुलवंत नको, एवढंच त्याने सांगितलं. का, ते कुणालाच नाही. मी विचारलं तेव्हा तो उठून गेला.

आम्ही उपांत्य सामना हरलो. दिवाळीआधी गिरणीने संघ मोडला. बबन भुसार बाजारात हमाली करू लागला. त्याच्या बायकोने मास्तरांच्या दारात उभं राहून, कायमची नोकरी घालवली म्हणून, त्यांना नको नको ते ऐकवलं. मास्तर दाराची चौकट धरून सगळं ऐकत राहिले. त्यांनी चूक केली, असं तेव्हा मलाही वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नासाठी दौंडला गेलो, तेव्हा त्या संघाच्या जुन्या गोलकीपरचं घर शोधून काढलं आणि विचारलं. पहिल्या धावणाऱ्याचं नाव जोसेफ अवचिते. सरावात चेंडू कानशिलावर बसला आणि तो जागीच गेला. त्याला पुरून आठवडा व्हायच्या आत त्यांनी बबनसाठी आमच्याकडे निरोप धाडला होता.