हैबतीची डावी नडगी

खूप खूप मागची गोष्ट. तेव्हा डोंगरात गाडीवाट नव्हती, नुसत्या पायवाटा होत्या, आणि पायथ्याच्या गावातली पोरं वाऱ्याशी पैज लावायची. काय दिवस होते ते! आठवलं तरी अजून जीव हळवा होतो बघा.

नवरात्र आलं की डोंगरावरच्या देवीची ज्योत पळत गावात आणायची. बारा कोसांची वाट. सहा पोरं आळीपाळीने पळायची, आणि शेवटचा कोस सगळ्यांत चपळ पोराचा. तो वेशीत शिरला की त्याची आई पुढे होऊन त्याच्या पायांवर पाणी घालायची. म्हातारेकोतारेसुद्धा हात जोडायचे. मग गावात घट बसायचे.

पण निघण्याआधी एक रीत होती. पारावर मालूआबा बसायचे. उमेदीत त्यांनी वीस वर्षं ज्योत आणली होती. आता डोळे गेले होते. प्रत्येक पोराची नडगी ते गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अंगठ्याने दाबत जायचे. एकाच जागी कळ आली, पोरगं दचकलं, की त्याला त्या वर्षी घरी बसवायचे.

"हाड आधी कुरकुरतं, मग मोडतं," आबा म्हणायचे. "कुरकुर ऐकलीत तर दीड-दोन महिन्यांत पुन्हा पळाल."

त्या वर्षी शेवटचा कोस हैबतीला मिळाला. सतरा वर्षांचा, एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला, आईने मोलमजुरी करून वाढवलेला. सगळ्या गावादेखत आई आपल्या पायांवर पाणी घालील, एवढंच त्याच्या मनात होतं.

बाकीची पोरं दर चौथ्या दिवशी पायांना सुट्टी द्यायची. हा कसला ऐकतोय! सकाळ-संध्याकाळ खडकांवरून पळायचा. आधी डावी नडगी पळताना दुखायची, मग चालताना, मग निजल्यावरही. दुखरी जागा बोटाएवढीच, पण तिथे हात लावू देत नव्हती.

"लंगडतोस का रे?" आईने विचारलं.

"कुठं गं! काटा रुतलाय."

निघायच्या दिवशी त्याने उजवा पाय आबांपुढे धरला. आबांनी अंगठा फिरवला. "शाब्बास. आता दुसरा." हैबती वळून बसला आणि त्याने पुन्हा उजवाच पाय पुढे केला. शेजारची पोरं गालात हसली. पण एकानेही आबांना सांगितलं नाही.

"दोन्ही खणखणीत! जा बाळा," आबा म्हणाले.

शेवटच्या कोसात वेस दिसू लागली. तांब्या घेऊन उभी असलेली आईही दिसली. तेवढ्यात ओढ्यातल्या धोंड्यावर डावा पाय पडला आणि काडकन आवाज झाला. हैबती कोसळला. ज्योत पाण्यात पडून विझली. वेशीतले ढोल थांबले.

पोरं पुन्हा बारा कोस चढून गेली. गावात घट दुसऱ्या दिवशी बसले. हैबतीला खाटेवर घालून घरी आणलं. कुणी रागावलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. आबा काठी टेकत आले. त्यांनी डाव्या नडगीवरून हात फिरवला, आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांचे डोळे भरून आले.

"लेकरा, मी आंधळा होतो. तू तर डोळस होतास ना रे?"

हैबती हमसून हमसून रडला. आईने वेशीसाठी भरलेलं तांब्यातलं पाणी त्याच्या सुजेवर घातलं.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. ज्योत पुन्हा कधी त्याच्या हाती आली नाही.

वर्षं सरली. आबा गेले, आई गेली. आता पारावर म्हातारा हैबती बसतो. डोळे धड आहेत, तरी नडग्या तपासताना मिटून घेतो, आणि पोरांना दटावतो, "दोन्ही पाय एकदम पुढे करा रे लबाडांनो!"

पोरं खो खो हसतात. तोही हसतो. मग पोरं डोंगराच्या वाटेला लागली की कितीतरी वेळ वेशीकडे बघत बसतो.

तात्पर्य: दुखणं वेळेवर सांगणारा थोडे दिवस थांबतो, लपवणारा कायमचा थांबतो.