लवूची जवळची वाट

समुद्राकाठच्या एका गावात लवू नावाचा एक वाटाड्या होता. गाव लहान, पण सुट्ट्या लागल्या की घरोघर पाहुणे उतरायचे. न्याहारी झाली की लवू त्यांना किनाऱ्याने फिरायला न्यायचा आणि समुद्री गरुड दाखवून आणायचा. माणूस मोठा गोड. दोष म्हणावा तर एकच, आणि तोही पाहुण्यांना गुणच वाटायचा: कुणाला 'नाही' म्हणणं त्याच्या जिभेला जमत नसे. पाहुण्याच्या कपाळावर आठी दिसली की हा लगेच 'हो' म्हणून मोकळा व्हायचा. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते त्याने ऐकलं होतं, पण दुसऱ्यांबद्दल.

गरुडांची एक जोडी खाडीच्या तोंडाशी, राखीव रानातल्या बेहड्याच्या उंच झाडावर राहायची. गावचे लोक त्यांना काकण म्हणत. पावसाळा सरला की जोडी जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचायची आणि अंडी घालायची. लवू पोरवयापासून त्यांना पाहत आलेला. मादी कुठली नि नर कुठला, हे त्याला आभाळात ठिपका दिसला तरी कळायचं. घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं तो त्यांच्याबद्दल बोलायचा.

वाट मात्र लांबची. देवळापासून निघायचं, सगळी पुळण तुडवायची, ओहोटी साधून चपला हातात घेऊन ओहोळ ओलांडायचा, मग खडकांना वळसा घालून काळ्या कातळावर पोचायचं. चांगला दीड तास लागे. कातळावर बसायचं आणि समोरच्या बेहड्याकडे लांबूनच पाहायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही. ही रीत लवूला सुंदराकाकीने शिकवली होती. काकीचा जन्म त्या खडकांवर कालवं काढण्यात गेला होता. रानाला राखीव म्हणून फलक लागला तो नंतर. त्याआधी ते राखलं कुणी असेल तर काकीसारख्यांनीच.

एका दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा पाहुण्यांचा मोठा गट आला. पहिल्या दिवशी कातळावर पोचेपर्यंत सगळे घामाघूम झाले. त्यांच्यातले एक जाडजूड गृहस्थ पाय चेपत म्हणाले, "अहो लवू, तुम्ही इतके हुशार, मग जवळची वाट नाही का हो काढता येत?"

काढता येत होती. गावामागे केवड्याचं बन होतं. ते मधोमध तोडलं की माणूस दहा मिनिटांत थेट बेहड्यासमोर निघाला असता. बन गावकीचं, तोडायला कुणाची मनाईही नव्हती. लवूच्या तोंडून 'नाही' निघायला हवं होतं. निघालं, "उद्याच काढतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कोयता घेऊन निघाला. वाटेत सुंदराकाकी भेटली.

"खय चललंस रे कोयतो घेवन?"

"पावण्यांक जवळची वाट करतंय, काकी. बिचारे चलान चलान दमतत."

"दमाकच होये ते," काकी म्हणाली. "माणूस दमलो काय गप रवता. माणूस गप रवलो काय पाखराक भंय वाटना नाय. वाट लांब आसा, ती उगाच नाय, बाबा."

लवूला ते पटलं. हीच तर वाईट गोष्ट आहे. पटलं नसतं तर त्याला अडाणी म्हणून सोडून देता आलं असतं. देवळापाशी कलकल करणारी माणसं ओहोळापर्यंत अर्धी होतात आणि कातळावर आपोआप कुजबुजतात, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी तो म्हणाला, "आता मी त्येंका हो म्हटलंय, काकी. नाय कसा म्हणू?" आणि पुढे गेला.

वाट झाली. पाहुणे काय खूश! हसत-खिदळत, ताज्या दमाने ते बेहड्याखाली पोचले. एकाने गाणी लावली. दुसऱ्याने पंख पसरलेला गरुड फोटोत यावा म्हणून जोरात शीळ घातली. मादी दचकून घरट्यातून उठली. लवूने ओठावर बोट ठेवलं, पण हसून. पाहुणेही हसले आणि पुन्हा शीळ घातली. मऊ लागलं म्हणजे माणसं कोपराने खणतातच. पुढच्या तीन-चार दिवसांत तर लवूचीही गरज उरली नाही. वाट सोपी, ज्याला वाटेल तो, वाटेल तेव्हा जाऊ लागला.

सहाव्या दिवशी लवू गेला तेव्हा माणसांची ही गर्दी जमली होती. मादी वर घिरट्या घालत होती, खाली उतरायला धजत नव्हती. घरट्याच्या काठावर दोन कावळे बसले होते. एकाची चोच पिवळी झाली होती.

मादी ओरडत खाली झेपावली आणि माणसं पाहून पुन्हा वर गेली. "वा! काय झेप घेतली!" जाडजूड गृहस्थ ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लवूला त्यांची तोंडं दाबावीशी वाटली, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्याने यातलं काहीच केलं नाही. कावळ्यांनी दोन्ही अंडी संपवली.

जोडी चार दिवस पलीकडच्या सुरूच्या झाडावर बसून होती. पाचव्या दिवशी सुरू रिकामा दिसला.

पाहुणे गेल्यावर लवूने केवड्याच्या फांद्या आणून ती वाट बंद करून टाकली. काट्यांनी हात सोलवटून घेतले. बैल गेला आणि झोपा केला! केवडा दोन पावसांत दाटला, वाट बुजली. बेहड्यावर मात्र कुणी नवी काटकी ठेवली नाही.

तो काकीकडे गेला. ती शिव्या घालील, आणि त्याने आपलं मन जरा हलकं होईल, अशी त्याला आशा होती. काकीने कालवं काढता काढता त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सरकून त्याला खडकावर जागा दिली. दोघं भरती येईपर्यंत बसून राहिली. शिव्या खाणं किती सोपं असतं, ते लवूला त्या दिवशी कळलं.

आता तो पाहुण्यांना पुन्हा लांबच्या वाटेने नेतो. कुणी कुरकुर केली तर ऐकून घेतो आणि चालत राहतो. माणसं दमतात, गप्प होतात, कातळावर येऊन बसतात. समोर निळी खाडी, गार वारा. परवा एक बाई शांतपणे म्हणाल्या, "किती सुंदर जागा आहे हो! इथे कशाचीच उणीव नाही."

लवूने मान हलवली. गरुडांबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कसलीही रुखरुख नव्हती. त्या समुद्र पाहत राहिल्या आणि लवू आपल्या पायांकडे.

तात्पर्य: पाहुण्याचं मन जरूर राखावं, पण आपल्या भरवशावर असलेल्याचा जीव देऊन नव्हे. पाहुणा दोन दिवसांनी खुशीत आपल्या घरी जातो, हळहळ आपल्या घरी मुक्कामाला राहते.