जांभळावरचा राखणदार

एका डोंगराळ जंगलात, ओढ्याकाठच्या जांभळावर, एक वानर राहत असे. राहत असे म्हणायचे एवढेच! एका फांदीवरची पाने खाऊन व्हायच्या आत त्याची नजर वरच्या फांदीवर गेलेली असायची आणि वरच्या फांदीवर पोचला की शेजारच्या झाडावर. पण मुलांनो, डोळे मात्र त्याचे असे तीक्ष्ण, की गवतात कुणाचा कान हलला तरी त्याला दिसावा. म्हणून खोऱ्यातल्या प्राण्यांनी त्याला राखणदार नेमले होते.

झाडाखाली चितळांचा कळप चरत असे. वानराने टाकलेली पाने आणि जांभळे त्यांना आयती मिळत. बिबट्या दिसला की वानर "खॉक! खॉक!" असा ओरडे आणि कळप धूम पळे. त्यामुळे पाण्यावर उतरण्याआधी प्रत्येक हरीण एकदा वर बघत असे. जांभूळ गप्प असले की धोका नाही, असे सगळे धरून चालत.

एकदा कळपातली म्हातारी हरिणी त्याला म्हणाली, "वानरदादा, तुम्ही ओरडायचं आणि आम्ही पळायचं, हे किती दिवस चालणार? पाणवठ्याला लागून घाणेरीची जाळी माजलीय. बिबट्या तिच्यातच दबा धरून बसतो. तेवढी मोडून द्या. माझ्या पायांत आता पहिल्यासारखा जोर नाही हो."

"मोडलीच समजा, आजी!" वानर म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटले. तो तडक रानडुकरांकडे गेला. रानडुकरे चिखलातून मान वर न काढता म्हणाली, "खोऱ्याच्या सभेचा हुकूम आण. तुझ्यासारख्या राखणदाराच्या सांगण्यावरून आम्ही हलत नसतो."

झाले! वानराच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सभेचा मुखिया काही बुटक्या जांभळावर बसत नसे. तो बसे खोऱ्याच्या तोंडाशी, उंच सावरीवर. मग काय, वानर झाडोझाड हिंडला. सशांना कोवळा पाला दिला, मोरांना उंबरे दिली, आणि जाईल तिथे एकच सांगितले, "मला सावरीवर बसवा, जाळी मोडून दाखवतो." रानडुकरांनाही त्याने कंदांचा अख्खा उतार देऊ केला, तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या बाजूने माना हलवल्या. वानर मुखिया झाला. खोऱ्यात नाचगाणे झाले. त्यात म्हातारी हरिणीही आपल्या दुखऱ्या पायांनी नाचली.

नव्याचे नऊ दिवस सरले. मुखियाने हुकूम काढला, तर रानडुकरे कंद चघळत म्हणाली, "काटेरी झुडपात आम्ही नाकं घालायची? ते काम गव्यांचं." आणि गवे कुणाचे ऐकत? फक्त पठारावरच्या मोठ्या सभेचे. प्रत्येक खोऱ्याची आपली सभा, तशी ही साऱ्या जंगलाची. वानराला खरे तर वाईट वाटायला हवे होते. पण मुलांनो, त्याला आतून गुदगुल्या झाल्या. पठारावर ऐनाची झाडे केवढी उंच असतात ते त्याने ऐकले होते.

"आजी, मला पठारावर पाठवा," तो हरिणीला म्हणाला. "खुद्द गव्यालाच घेऊन येतो आणि जाळीपुढे उभा करतो."

"जा बाबा," ती म्हणाली. "पण तिथं गेल्यावर आमच्या तोंडाला पानं पुसू नका."

निघताना एक वानरी त्याला आडवी आली. "तुम्ही निघालात, तर जांभळावर मी बसू का? माझी नजरही बरी आहे."

"छे छे!" वानर दचकून म्हणाला. "राखणदार मीच. जागा माझ्याच नावाची राहू दे. मी येऊन-जाऊन असेनच की!" वरचे हवे होते, पण खालचेही सोडवत नव्हते. वानरीने मान खाली घातली आणि ती दुसऱ्या झाडावर निघून गेली.

पठारावर ऐनाच्या शेंड्यावरून सगळे जंगल दिसे. पण पहिल्याच दिवशी वानराला जंगल दिसले नाही. त्याला दिसला पठाराच्याही वरचा कडा. तिथे साऱ्या जंगलाचा मुख्य राखणदार बसे, आणि ती जागा नुकतीच रिकामी झाली होती. वानराला घास गोड लागेना. शेपटी एका जागी ठरेना. सभेत कुणी बोलत असले तरी त्याची मान कड्याकडे वळलेली.

सभेतल्या कोल्ह्याच्या नजरेतून हे सुटले नाही. तो लाडीगोडीने म्हणाला, "मुखियासाहेब, तो कडा तुम्हालाच शोभेल हो. पण एक सांगतो. आमच्या सभापती गव्यांना रडगाणी आवडत नाहीत. ज्याच्या खोऱ्यात तक्रार नाही, त्यालाच ते कड्यावर बसवतील." वानर हरभऱ्याच्या झाडावर चढला, आणि चढायला तो एरवीही पटाईतच होता!

दुसऱ्या दिवशी सभापती गव्याने विचारले, "बोला, तुमच्या खोऱ्याला काय हवं? माझा कळप सध्या मोकळा आहे. कुठं काही तुडवायचं, मोडायचं असेल तर सांगा."

इतक्या झाडांवर चढून ज्याच्यासाठी यायचे, तोच हा क्षण. 'जाळी' हा शब्द वानराच्या ओठांवर आला. म्हातारीचे पायही त्याला आठवले. मग त्याने कड्याकडे पाहिले आणि तो शब्द गिळून टाकला.

"आमच्याकडे सगळा आनंदीआनंद आहे, महाराज," तो म्हणाला. "काही म्हणता काही कमी नाही."

गवा खूश झाला. त्याने आपला कळप दुसऱ्या खोऱ्याला दिला आणि कडा वानराला.

कड्यावर वारा फार. त्या वाऱ्यात वानर ऐटीत बसला, आणि बसता बसता आणखी वर काही आहे का म्हणून त्याने मान वर केली. वर आभाळ होते. पहिल्यांदाच पुढची जागा उरली नव्हती, म्हणून त्याने खाली पाहिले. दूरवर त्याचा ओढा चमकत होता. दुपारची वेळ, कळप पाण्यावर निघालेला. आणि खाली वारा पडलेला असताना घाणेरीची जाळी हलली.

"खॉक! खॉक!" वानर जिवाच्या आकांताने ओरडला. कड्यावरून आवाज निघाला आणि डोंगरात विरून गेला. कळपाने मान वळवली नाही. तो धावत सुटला. कड्यावरून ऐनावर, ऐनावरून सावरीवर, हात सोलले, अंग खरचटले. ओढ्याशी पोचला तेव्हा जाळी शांत होती. कळप लांब थरथरत उभा होता. त्यात म्हातारी नव्हती.

"मी ओरडलो होतो!" वानर धापा टाकत म्हणाला. "वरून, कड्यावरून! तुम्ही ऐकलं नाही!"

म्हातारीची मुलगी पुढे आली. तिचा आवाज चढला नाही. "दादा, आईनं पाण्यात उतरण्याआधी जांभळाकडे पाहिलं होतं. जांभूळ गप्प होतं. ती म्हणाली, राखणदार येऊन-जाऊन असतो म्हणालेत, जागाही त्यांच्याच नावाची आहे, म्हणजे असतीलच तिथं, मग भ्यायचं कशाला? आणि उतरली."

वानराने जांभळाच्या बुंध्याला हात लावला. तो म्हणाला, "मी आता इथेच बसतो. कुठेही जाणार नाही. आईची शपथ!"

पण कळप निघाला होता. पलीकडच्या खोऱ्यातला ओढा लांब होता, वाट चढाची होती, तरी पाडसे मुकाट्याने चालत होती. त्यांच्या वरून, झाडाझाडांतून, ती वानरी खाली नजर ठेवत पुढे सरकत होती. वानर जांभळावर चढला आणि न हलता बसला. पाणवठा, जाळी, गवताचे पातेन् पाते त्याला स्वच्छ दिसत होते. खाली राखण्यासारखे मात्र कुणीच उरले नव्हते.

तात्पर्य : ज्यांच्या भरवशावर मोठे झालो, त्यांचे काम पुढच्या जागेसाठी टाकू नये, आणि जिथे आपण बसत नाही, ती जागा आपल्या नावाने अडवूनही ठेवू नये.