खिडकीवरचं पोळं

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात घरटी एक माग होता. सगळं गाव घोंगड्या विणायचं. लोकर धुवायची, पिंजायची, कातायची, विणायची आणि चिंचोक्याची खळ लावून घोंगडी दोरीवर वाळत टाकायची, यातच गावाचा दिवस मावळायचा. माणसं कष्टाळू होती, मनानं चांगली होती. फक्त एका बाबतीत या शहाण्या गावाची अक्कल चरायला जायची. ती बाब म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं.

कुणाच्या वळचणीला पोळं लागलं की ते कसं काढायचं याचा गावात रिवाज ठरलेला होता. वेळ भर दुपारची. काढणाऱ्यानं अंगावर काळी घोंगडी घ्यायची, कारण याहून जाड वस्त्र जगात नाही अशी गावाची खात्री. हातात पेटता टेंभा. मागे हलगी आणि हलगीमागे अख्खं गाव. पोळं जाळून येणाऱ्याला लोक ‘वाघ’ म्हणायचे. वाघाचे डोळे मग चार दिवस उघडायचे नाहीत, पण मान ताठ असायची. महिनाभरात त्याच जागी नवं पोळं लागायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे, उलट पुन्हा हलगी वाजणार म्हणून लोक खूश व्हायचे.

गावातला सगळ्यात मोठा वाघ म्हणजे धुळाप्पा. त्यानं आजवर सात पोळी जाळली होती आणि किती डंख सोसले ते तो विचारल्याशिवायच सांगायचा.

धुळाप्पाच्या शेजारी बायजाबाई राहायची. ती आणि तिचा नवरा, दोघंच. नवरा दिवसभर मागावर बसायचा आणि मोजकं बोलायचा. बायजा लोकर धुवायची, कातायची आणि दोघांच्या वाटचं बोलायची. त्यांची एकुलती एक लेक मंजुळा आठ दिवसांनी माहेरी येणार होती, पहिल्या बाळंतपणाला. घरात खोल्या दोनच. एकीत माग, म्हणून दुसरी बायजानं लेकीसाठी सारवली, बाज टाकली आणि वारा यावा म्हणून खिडकी उघडली. उघडली तशीच ती लावूनही घेतली.

खिडकीवर बाहेरच्या बाजूनं एक लाकडी फळी होती. फळीच्या खालच्या अंगाला, एका बारीक देठावर, तळहाताएवढं पोळं लोंबत होतं. त्यावर पिवळ्या-तांबूस गांधीलमाश्या दाटीवाटीनं बसल्या होत्या.

दुसरी कुणी असती तर हळहळली असती आणि कामाला लागली असती. बायजा मात्र बंद खिडकीला पाठ लावून खाली बसली. मंजुळा सात वर्षांची असताना तिला एकच गांधीलमाशी चावली होती. एकच. पण घटकाभरात पोरीचं तोंड सुजलं, ओठ निळे पडले, श्वास कोंडला. वैद्यांनी शर्थ केली म्हणून ती वाचली. जाताना ते म्हणाले होते, “पुन्हा चावली तर माझ्या हातात काही राहील, असं समजू नका.” ते वाक्य बायजा पंधरा वर्षं उरात घेऊन जगत होती. आता तर त्या पोरीच्या पोटात आणखी एक जीव होता.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. धुळाप्पा मिशीवर हात फिरवत अंगणात आला.

“काकू, घोर कशाला करता? उद्या दुपारी जाळतो. हलगीवाल्याला सांगून आलोय.”

बायजानं वर पाहिलं. फळीच्या वर हातभर अंतरावर गवताचं छप्पर होतं.

“धुळाप्पा, टेंभा छपराला लागला तर?”

“आजवर लागलाय का कधी?”

“आजवरची घरं कौलाची होती, बाबा. माझं गवताचं हाय. तू ऱ्हाऊ दे. माझं मी बघते.”

धुळाप्पा हसला. बाईमाणूस पोळं काढणार, हे त्याला हसण्यासारखंच वाटलं.

पण बायजाही याच गावची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेंभा तेवढा टाळला, बाकी गावाचंच गिरवलं. नवी काळीभोर घोंगडी डोक्यावरून घेतली, लांब काठीला कोयता बांधला आणि गेली खिडकीखाली. काठी फळीला टेकली न टेकली तोच माश्या उठल्या आणि सरळ घोंगडीवर तुटून पडल्या. लोकरीत त्यांचे पाय गुंतले. गुंतल्या तशा त्या आणखी खवळल्या आणि वाट शोधत आत शिरल्या. बायजा घोंगडी फेकून घरात धावली. मनगटावर दोन, मानेवर एक, असे तीन डंख घेऊन ती दार लावून बसली. तिला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, डंखांमुळे नव्हे, दिवस सरत होते म्हणून.

नवऱ्यानं मुकाट्यानं तिच्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं.

“बायजे,” तो म्हणाला, “नवी वीण बसवायची तर तू आधी काय करतीस?”

“बघत बसते. समद्यात आधी बघते.”

“मग?”

एवढंच विचारून तो पुन्हा मागावर जाऊन बसला. बायजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पटलं.

तिनं पोळ्यापासून दूर, ओट्याच्या टोकाला चरखा मांडला आणि तीन दिवस तिथंच सूत कातलं. हात सुतावर, डोळे पोळ्यावर.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती अंगणातल्या दोरीवरून. दोरीवर तीच काळी घोंगडी होती आणि शेजारी नवऱ्याचं पांढरं धोतर. माश्या घोंगडीवर जाऊन आदळत होत्या, धोतराच्या वाटेला जात नव्हत्या. ‘अगं बाई,’ तिला वाटलं, ‘आपण तर केसाळ जनावर होऊन त्यांच्या दारात गेलो होतो!’

दुसरी गोष्ट वेळेची. भर दुपारी निम्म्या माश्या बाहेर भटकत. म्हणजे धुळाप्पा पोळं जाळायचा तेव्हा निम्म्या जळत आणि निम्म्या परत येऊन त्याच देठापाशी घर मांडत. दिवस बुडला की मात्र सगळ्या घरी. तेव्हा त्या अशा गप्प बसायच्या की जणू फळीलाच चिकटवल्यात.

तिसरी गोष्ट तिच्या नेहमीच्या कामातली, म्हणून इतकी वर्षं दिसून न दिसलेली. लोकर धुवायला ती रिठ्याचं पाणी करायची. माश्या पाणी प्यायला यायच्या. साध्या पाण्याच्या घंगाळात पडलेली माशी फडफडून काठाला लागायची आणि उडून जायची. रिठ्याच्या फेसात पडलेली माशी मात्र भिजून लगेच बुडायची. पुन्हा वर यायची नाही.

बायजानं चरखा उचलून आत ठेवला. आता तिला काय करायचं ते कळलं होतं.

सहाव्या दिवशी तिनं मोठ्या हंड्यात रिठ्याचं दाट पाणी तयार ठेवलं. संध्याकाळची वाट बघायची एवढंच उरलं होतं. पण दुपारी अंगणात हलगी वाजली. पुढं काळी घोंगडी पांघरलेला धुळाप्पा, हातात टेंभा, मागं गाव.

“काकू, सरका. परवा लेक येणार आणि तुम्ही नुसत्या बघत बसलाय. आम्हाला बघवत न्हाई.”

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे बायजालाही ठाऊक होतं. ती दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“माझ्या छपराखाली टेंभा येणार न्हाई. आज दिवस बुडला की मी काढते.”

“दिवस बुडल्यावर?” गर्दीतून कुणी तरी म्हणालं. “ते तर चोराचं काम!”

सगळे हसले. बायजाचा चेहरा लाल झाला, पण हात खाली आले नाहीत.

“मला वाघ व्हायचं न्हाई,” ती म्हणाली. “मला माझी लेक जिती पाहिजे.”

हसू थांबलं. धुळाप्पाचा टेंभा मात्र पेटलेला, हलगी तापलेली आणि एवढी गर्दी जमलेली. रिकाम्या हातानं परतायचं कसं? त्याला आपल्या गोठ्यातलं पोळं आठवलं. “चला, तिथं दावतो!” म्हणून तो वळला.

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. टेंभा पोळ्याला लागला आणि गोठ्याच्या कडब्यालाही. माश्या धुरातून सुटून गर्दीवर पडल्या. हलगीवाला हलगी टाकून पळाला, बैलांनी दावी तोडली, लोक एकमेकांना तुडवत सुटले. धुळाप्पा लोकरीत गुंतलेल्या माश्यांसकट गडबडा लोळू लागला. आणि कडबा भडकत चालला. जवळात जवळ भरलेलं पाणी कुणाच्या दारात होतं? बायजाच्या.

तिनं एकदा हंड्याकडे बघितलं. मग त्याची एक कडी स्वतः धरली, नवऱ्यानं दुसरी धरली आणि सगळं पाणी आगीवर ओतलं. मग घंगाळ, मग घागरी. गोठ्याचा कोपरा जळाला, पण घर वाचलं. धुळाप्पाला बाजेवर घालून वैद्यांकडे नेलं.

रिठे भिजायला रात्र लागते. म्हणजे आजची संध्याकाळ गेली. आता हातात उरली एकच संध्याकाळ, उद्याची. परवा दुपारी लेकीची गाडी दारात येणार होती. बायजानं उरलेले सगळे रिठे भिजत घातले आणि झोपली. झोप लागली नाही ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी तिनं घाई केली नाही. घराच्या मागल्या अंगाला तेवढ्याच उंचीवर दुसरी फळी होती. तिथं रुंद तोंडाचं पातेलं पाण्यानं भरून, वर उचलून, काठ फळीला टेकवून धरायचं, असं तिनं दहा वेळा करून पाहिलं. खिडकीपासून दारापर्यंतच्या वाटेतली पाटी, मुसळ, दगड सगळं उचललं आणि ती वाट उलट्या पावलांनी तीनदा चालून बघितली. शेजारीपाजारी सांगून आली, “तिन्हीसांजेला पोरं आणि गुरं आत घ्या, दारं लावा.” त्या दिवशी तिनं केसांना तेलही लावलं नाही, माश्यांना वास नको म्हणून.

दिवस बुडाला. शेवटची माशी घरी आली. बायजानं नवऱ्याची दोन पांढरी धोतरं दुहेरी करून अंगाला लपेटली, मनगटाला आणि घोट्याला सुतळीनं आवळली, डोळ्यांपुढं विरळ फडकं घेतलं. दिवा हातात घेतला नाही, कारण माश्या उजेडाकडे झेपावतात. तो लांब तुळशीपाशी ठेवला. नवरा दारामागं उभा राहिला, हाक आली की दार उघडायला.

पातेल्यात रिठ्याचं पाणी काठाच्या दोन बोटं खाली होतं आणि वर फेस. बायजा ओट्यावर चढली. पावलाचा आवाज नाही, श्वासाचा नाही. तिनं पातेलं हळूच पोळ्याखाली आणलं आणि एका दमात उचलून फळीला टेकवलं. पोळं फेसात बुडालं. आत क्षणभर खळबळ झाली, पातेलं हातात थरथरलं. तिचे दंड भरून आले, मनगटावरचे जुने डंख ठणकू लागले. तिनं घोंगडीचे धागे मोजावेत तसे आकडे मोजले. मंजुळाचं निळं पडलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं तेव्हा ती साठावर होती. ती मोजत राहिली. शंभर झाले, दीडशे झाले, तेव्हा आत काही हलेना.

मग तिनं पातेलं बोटभर खाली घेतलं, कमरेला खोचलेल्या विळ्यानं देठ कापला, पोळं पाण्यात पडलं. झाकण, झाकणावर दगड. मोजलेल्या पावलांनी ती दारात आली.

“उघडा,” ती म्हणाली.

सगळं आटपायला भाकरी भाजायला लागतो तेवढाच वेळ लागला. हलगी नाही, आरडाओरडा नाही. शेजारच्या घरात तर काम कधी झालं ते कुणाला कळलंही नाही.

सकाळी तिनं पातेल्यातलं सगळं खड्ड्यात पुरलं, फळीवरचा उरलेला देठ खरवडला आणि जागेवर चुना फासला. रात्री चुकून बाहेर राहिलेल्या दोन-तीन माश्या आल्या, चुन्याभोवती घिरट्या घालून निघून गेल्या. दुपारपर्यंत बायजानं खिडकी उघडली नाही, आणि मग उघडली.

गाडी आली. मंजुळा जड पावलांनी आत आली, बाजेवर बसली आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “आई, किती गार वारा येतोय गं! हितं काही म्हणजे काही बदललं न्हाई.”

बायजानं एकदा खिडकीकडे पाहिलं. “काय बदलायचंय?” ती म्हणाली आणि लेकीसाठी पाणी आणायला वळली.

बारा दिवसांनी त्याच खिडकीखाली नात जन्मली. तिच्या बारशाला धुळाप्पा आला. सूज उतरली होती, मिशी मात्र अजून खाली होती. सगळे जेवायला बसल्यावर तो बायजाजवळ येऊन हळूच म्हणाला, “काकू, गोठ्यात त्याच जागी पुन्हा पोळं लागलंय.”

बायजा हसली नाही. तिनं आतून पांढरं धोतर आणि सुक्या रिठ्यांची वाटी आणून त्याच्या हातात दिली.

“आधी तीन दिस बघत बस. त्यांच्या घरी परतायच्या वाटेवर कुणी येतजात नसंल, तर ऱ्हाऊ दे, त्या आपल्या शेतातल्या अळ्या खातात. काढायचंच असंल तर दिवस बुडल्यावर, आणि मला हाक मार. आणि हे बघ, झाडाच्या शेंड्यावरचं आग्या मोहोळ असंल तर तू न्हाई आणि मीबी न्हाई. त्याला जाणत्या माणसाला बोलवायचं.”

“आणि हलगी?” धुळाप्पानं विचारलं.

“ती आज वाजव,” पाळण्याकडे बोट दाखवून बायजा म्हणाली. “पर जरा हळू. पोर आत्ताच निजलीय.”

तात्पर्य एवढंच, की जीव जपायचा असेल तेव्हा चारचौघांत वाघ ठरण्यापेक्षा आधी नीट बघावं, मग योग्य वेळी सावधपणे काम उरकावं. त्याची कुणाला खबर लागली नाही, तर ते उत्तम झालं असं समजावं.