वाट विसरलेला समुद्र

फार पूर्वीची गोष्ट. पार उत्तरेला, बर्फाच्या डोंगराखाली एक गाव होतं. तिथे वल्ही कुणी बनवतच नसे. डोंगरावरचा वारा होड्यांना समुद्रात न्यायचा आणि दक्षिणेकडून येणारा कोमट प्रवाह त्यांना अलगद घरी आणून सोडायचा. त्या प्रवाहाच्या उबेवरच गाव जगत होतं.

आता हा प्रवाह यायचा कसा? डोंगरापाशी पाणी गार आणि खारट, म्हणून जड. ते खाली बुडायचं आणि त्याची जागा घ्यायला कोमट पाणी धावत यायचं. एवढं साधं, पण गावाच्या म्होरकीला त्याच्याशी काय देणंघेणं! बाईला जवाचं शेत हवं होतं. नवरा इतर कोळ्यांबरोबर मासेमारीला गेला, तसं तिने डोंगराच्या पायथ्याशी शेकोट्या पेटवल्या. बर्फ मागे सरला, काळी जमीन उघडी पडली, लोक खूश झाले.

मग समुद्राची चव बदलली. शेजारणी घाबरून सांगायला आल्या, की पाणी गोडं लागतंय, लाटाही मंदावल्यात, आता शेकोट्या विझवा. म्होरकी हसली.

"दारात गोडं पाणी आलंय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?" असं म्हणून तिने आणखी लाकडं टाकायला लावली.

आणि एके सकाळी लाटांचा आवाजच आला नाही. वितळलेलं गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगत राहिलं. खाली काही बुडेना, म्हणून दक्षिणेकडून काही येईना. वाराही पडला. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडून होता. दूरवर होड्यांची शिडं दिसत होती, ती संध्याकाळीही तिथेच होती.

म्होरकीने स्वतःच्या हातांनी शेकोट्या विझवल्या, घरातलं सगळं मीठ आणून समुद्रात ओतलं. बाकीच्या बायकांनीही ओतलं. मीठ विरघळलं, पाणी काही हललं नाही. थंडी मात्र वाढत गेली.

सगळं इतकं निश्चल, की नवऱ्याचा आवाज कानाशी बोलल्यासारखा आला.

"धूर थांबला. शेकोट्या विझवल्यास का गं?"

"विझवल्या हो."

"मग आम्हाला न्यायला पाणी का येत नाही?"

दुसऱ्या दिवशी त्याने तेच विचारलं, जरा हळू. त्यानंतर शिडं तिथेच दिसत राहिली, पण विचारणारं कुणी नव्हतं.

तात्पर्य: शेकोटी आपल्या हाताने विझते, पण वितळलेला डोंगर आपल्या हाताने पुन्हा रचता येत नाही, म्हणून समुद्राची चव बदलेल त्याच दिवशी थांबावं.