निवडलेले धान्य

दोन डोंगर ओलांडल्याशिवाय ज्या काळी शाळा दिसत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे. एका गावात एक लहानसे ख्रिस्तमंदिर होते आणि त्याच्या अंगणापलीकडे वसतिगृह. डोंगरापलीकडच्या वाड्यांतली चाळीस मुले तिथे राहत आणि गावच्या शाळेत शिकत. मुले कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे मंदिरातल्या मंडळीने कधी विचारले नव्हते.

मंडळी गरीब होती, पण तिची एक रीत होती. घरातली बाई चुलीपुढे बसली की शिजवायच्या धान्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकी. शनिवारी सगळी मडकी वसतिगृहात येत आणि एकाच घोंगडीवर उपडी होत. कुणाची ज्वारी, कुणाचे तांदूळ, कुणाचे हुलगे, कुणाची नाचणी. मग दुपारभर बायका आणि मुले सुपे घेऊन बसत आणि एकेक धान्य वेगळे करत.

त्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, वृद्ध होते. त्यांनी पुष्कळ ग्रंथ वाचले होते, चार भाषा त्यांना येत होत्या. पण आपले कुठे तरी चुकते आहे, ही धास्ती त्यांच्या मनातून कधी जात नसे. मंडळीतल्या मार्थाआजींच्या घरात दोनच भाकरींचे पीठ असते, तरी त्या मूठ टाकतात, हे त्यांना ठाऊक होते. शनिवारी सुपावर वाकलेल्या त्या म्हाताऱ्या पाठी पाहिल्या की त्यांना घास गोड लागत नसे.

एका वर्षी दाविदराव नावाच्या बागाईतदाराकडे उदंड पीक आले. मनाने मोठा माणूस. ते म्हणाले, "पाळकसाहेब, यापुढे पोरांचं धान्य माझ्याकडून. स्वच्छ ज्वारी, स्वच्छ तांदूळ. खडा सापडला तर मला सांगा."

पाळकांचे डोळे भरून आले. रविवारी त्यांनी मंडळीला सांगितले, "आता कुणी मूठ काढू नका. शनिवारी यायचेही कष्ट घेऊ नका."

मार्थाआजी उठून म्हणाल्या, "मग शनिवारी आम्ही करायचं काय?"

"विश्रांती घ्या, आजी."

"विश्रांती काय, मातीत गेल्यावर आहेच की!"

सगळे हसले. पाळकही हसले. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दाविदरावांचा गडी दर पंधरवड्याला गाडी आणी, पोती उतरवी आणि निघून जाई. मुलांच्या ताटात पांढरीशुभ्र भाकरी आली, भात आला. आणि मुले वसतिगृह सोडून जाऊ लागली.

आधी दोघे गेले. मग पाच. कुणी सणाला घरी गेले ते परतलेच नाही. पावसाळा संपता संपता चाळिसांतली अकरा उरली. पाळकांनी छप्पर पाहिले, पाणी पाहिले, स्वयंपाकिणीसमोर बसून भाकरी खाऊन पाहिली. कशातच खोट नव्हती. उरलेली अकराही गेली तर वसतिगृहाला कुलूप लागणार होते आणि त्या वाड्यांतले एकही मूल पुन्हा शाळेचे तोंड पाहणार नव्हते.

शेवटी त्यांनी काठी उचलली आणि दोन डोंगर चढून ते हिरूच्या वाडीत गेले. हिरू सर्वांत हुशार मुलगी. ती शेळ्यांमागे उभी होती.

"पोट भरत नव्हतं का, हिरू?"

"भरत होतं."

"मग कुणी मारलं? कुणी ओरडलं?"

"नाही ना!" हिरू म्हणाली. "कुणीच ओरडत नव्हतं."

हिरू शेळीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"आधी शनिवारी मार्थाआजी यायच्या. निवडता निवडता माझं डोकं मांडीवर ओढायच्या, उवा काढायच्या. 'ही काय जटा केलीस, भवाने? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?' म्हणायच्या. त्यांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं. पण मला वाटायचं, त्या तिला ओळखतात."

हिरूची आई दारातून म्हणाली, "साहेब, पोरीला तीन दिवस ताप होता. कुणाच्या ध्यानात आलं नाही. धान्याची टंचाई आमच्याकडंही आहे. पण इथं तिच्या कपाळाला हात लावायला मी तरी आहे."

पाळक दगडावर बसले. एवढे ग्रंथ वाचले, आणि समोरची घोंगडी मात्र वाचता आली नाही.

"परत येशील का?" त्यांनी हळूच विचारले.

"मार्थाआजी येणार का?"

"ते मला सांगता येत नाही, बाळ. मीच त्यांना येऊ नका म्हटलं."

रविवारी ते मंडळीपुढे उभे राहिले. "मी तुमचे कष्ट वाचवायला गेलो आणि मुलांची माणसं तोडली. मला क्षमा करा."

मार्थाआजी म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला क्षमा शिकवलीत. आज ती तुम्हालाच करायची आमची पाळी!"

पण दाविदराव खाली मान घालून बसले होते. "म्हणजे माझं धान्य वाईट ठरलं," ते म्हणाले.

आजी उठल्या आणि सगळ्यांना वसतिगृहाच्या ओसरीवर घेऊन गेल्या. तिथे दाविदरावांचे तांदळाचे पोते उभे होते. आजींनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातले मूठभर हुलगे पोत्यात टाकले आणि खोलवर हात घालून ढवळले. दुसरीने घरातून नाचणी आणून टाकली. तिसरीने बाजरी.

"अहो, नासवलंत की!" दाविदराव ओरडले.

"हो ना. आता निवडावं लागेल," आजी म्हणाल्या. "धान्य तुमचंच राहू द्या, पोरांना ते हवंच. पण गड्याच्या हाती पाठवू नका. स्वतः या. हे घ्या सूप."

दाविदरावांना हसू फुटले. बाह्या सारून ते घोंगडीवर बसले. त्यांना सूप धरता येईना, तेव्हा शेजारच्या मुलीने त्यांच्या हातावर चापट मारून ते सरळ करून दिले.

दुसऱ्याच दिवशी बायका डोंगर चढल्या. ज्या आयांच्या नावाने मुलांना रागावत आल्या होत्या, त्या आयांना त्या पहिल्यांदा भेटल्या. महिन्याभरात हिरूसह अठ्ठावीस मुले परत आली. एक मुलगा मात्र आला नाही. तोवर त्याला दूरच्या वीटभट्टीवर धाडले होते. त्याची जागा पाळकांनी कधी भरू दिली नाही.

वसतिगृहाला कुलूप लागले नाही. पुढे हिरूने आपल्याच वाडीत शाळा उघडली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या लेकराला नुसते अन्न पाठवून भागत नाही, देणाऱ्याने स्वतः त्याच्याजवळ येऊन बसावे लागते.